रेडिओ मेला नाही हो, अँटेना धड लावलेली नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांवर आलेला लेख वाचला. ट्रक स्टॉपवर स्लीपरमधे, म्हणजे गाडीतल्याच झोपायच्या खणात, आडवा पडून मोबाइलवर वाचला, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलंय तोच वाचत होता म्हणा ना. लेख चांगला आहे, झोपेचे हाल, पार्किंगची मारामारी, सगळं खरं आहे. पण मधेच लिहिलंय की सीबी रेडिओ (सिटिझन्स बँड, ज्यावर आम्ही ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलतो) आता मेला, मोबाइलने त्याला खाल्लं, आणि ज्यांना अजून हौस असेल त्यांनी जास्त वॅटचा रेडिओ घ्यावा म्हणजे आवाज लांब जातो. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं मात्र साफ चुकीचं, आणि तुमचा पेपर वाचून कोणी नवीन मराठी मुलगा इकडे येऊन त्या नादात पैसे घालवेल म्हणून हे पत्र.

आधी वॅटचं बघू. सीबीला अमेरिकेत एएमवर ४ वॅटच पॉवर चालते, महागडा रेडिओ असो नाहीतर साधा, कायद्याने सगळ्यांना तेवढीच. वरून अँप्लिफायर लावणं बेकायदा आहे. लावतात लोक, नाही असं नाही. पण वॅट दुप्पट केले तर ऐकणाऱ्याच्या मीटरचा काटा जेमतेम अर्धं घर सरकतो, त्याच्या कानाला फरकसुद्धा धड कळत नाही. खरा फरक पडतो तो आरशाजवळ उभ्या असलेल्या त्या काठीने, म्हणजे अँटेनाने, आणि ती काठी कशी बसवलीय याने. हे मला पुस्तकात वाचून नाही कळलं, चार महिने तोंडावर आपटून कळलं.

माझं पहिलं वर्ष होतं. रेडिओ नवीन घेतला, हायवेवरच्या एका दुकानात अर्ध्या तासात बसवून घेतला, पोराने ब्रॅकेट आवळलं, केबल जोडली, आवाज आला, झालं, पैसे दिले. त्या हिवाळ्यात वायोमिंगमधून आय-८० हायवेवर सारख्या फेऱ्या होत्या. लारामी ते रॉलिन्सच्या मधे एल्क माउंटनचा पट्टा लागतो, तिथला वारा ज्याने बघितलाय त्यालाच माहीत, रिकामा ट्रेलर पत्त्याच्या डावासारखा आडवा होतो. तिथे १९ नंबर चॅनलवर लोक एकमेकांना सांगत असतात, पुढे अमुक माइल मार्करला ट्रक पडलाय, डावी लेन बंद आहे, रस्त्यावर काळा बर्फ (डोळ्याला न दिसणारा पातळ थर) आहे. मला ते सगळं ऐकू यायचं. मी विचारायचो, कुठली लेन, किती पुढे. उत्तर नाही. परत विचारायचो. काही नाही. मग दुसरा कोणीतरी हाच प्रश्न विचारायचा आणि त्याला लगेच उत्तर मिळायचं.

आता तुम्ही सांगा, माणसाला काय वाटेल? मला वाटलं माझ्या बोलण्याच्या ढबीमुळे कोणी उत्तर देत नाहीये. परका माणूस आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करतायत. मी बोलणंच सोडून दिलं, नुसता ऐकत बसायचो, आणि मनात राग साठत गेला तो वेगळाच.

मग एकदा नेब्रास्कात ट्रक स्टॉपवर एक म्हातारा ड्रायव्हर भेटला, तीसेक वर्षं गाडी हाकलेला. मी आपलं सहज बोललो की इथले लोक मला उत्तर देत नाहीत. तो म्हणाला, माईक दाब आणि काहीतरी बोल, मी माझ्या गाडीत जाऊन ऐकतो. दोन ओळी सोडून त्याची गाडी उभी होती. परत आला तो हसतच आला, म्हणाला अरे तू इथे दोन ओळींवर मला उंदरासारखा ऐकू येतोस, एक मैलावर तर तू नाहीसच. लोक उत्तर देत नाहीत कारण तू बोलतोयस हेच त्यांना माहीत नाही.

त्याने त्याच्या डब्यातून एसडब्ल्यूआर मीटर काढला. हा छोटा मीटर रेडिओ आणि अँटेनाची केबल यांच्या मधे जोडायचा असतो, तीनेक फुटाच्या तुकड्याने. काही रेडिओत तो आतच असतो, पण मला तेव्हा हे कुठे माहीत. तो मोजतो काय तर रेडिओने वर पाठवलेल्या ताकदीतली किती अँटेनातून बाहेर न पडता तशीच परत फिरतेय. आकडा १ आला तर सगळी बाहेर गेली, असं प्रत्यक्षात कधी होत नाही. दीड आला तर शंभरातले ४ परत, २ आला तर ११ परत, ३ आला तर २५ परत. दीडच्या आत असेल तर छान, दोनच्या आत चालवून घ्यायचं, आणि तीनच्या वर असेल तर माईकला हात लावू नये, कारण ती परत आलेली ताकद रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला भाजून काढू शकते. माझा काटा सगळ्या चॅनलवर तीनच्या पलीकडे जाऊन टेकला होता. आणि मी चार महिने ओरडत होतो! ऐकू येतं म्हणून माणूस फसतो हो. ऐकायला कसली पण तार चालून जाते, बोलायला नाही चालत.

म्हातारा म्हणाला सगळ्या चॅनलवर सारखाच वाईट आकडा असेल तर ट्यूनिंगच्या नादी लागू नकोस, बसवण्यातच घोळ आहे, एक तर अर्थिंग नाही नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि माझ्या नशिबाने दोन्ही होतं.

अर्थिंगचं जरा सविस्तर सांगतो कारण नव्वद टक्के रड इथेच असते (नव्वद हा माझा अंदाज, कोणी मोजलेलं नाही). सीबीची लहर ११ मीटरची. तिच्यासाठी पाव लहरीची अँटेना साधारण नऊ फुटाची हवी, आणि ही पाव लहरीची काठी एकटी काम करत नाही, टाळी एका हाताने वाजत नाही तसं. दुसरा हात म्हणजे ट्रकचं लोखंड. कॅब (ड्रायव्हरची केबिन), दरवाजा, चासी, हा सगळा धातू ब्रॅकेटला नीट जोडलेला असेल तरच लहर बाहेर फेकली जाते. जुन्या गाड्यांना आरशाचे दांडे धातूचे असायचे, ब्रॅकेट आवळलं की काम व्हायचं. आता आरसे प्लास्टिकच्या खोळीत, वरची टोपी फायबरग्लासची, बऱ्याच कॅब तर अॅल्युमिनियमच्या, त्यामुळे चुंबकवाली अँटेना ठेवायला जाल तर ती चिकटतसुद्धा नाही. आणि दरवाजा हा कॅबला नुसत्या बिजागऱ्यांनी टांगलेला, त्या बिजागऱ्यांत ग्रीस आणि रंग. म्हणजे ब्रॅकेट दिसायला लोखंडावर, पण विजेच्या दृष्टीने हवेत लटकलेलं.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. अँटेना काढून ठेवा, केबल रेडिओतून सोडवा, एक टोक ब्रॅकेटवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर, आकडा एका ओहमच्या आत यायला पाहिजे, जितका शून्याजवळ तितका बरा. माझा काहीच येत नव्हता, म्हणजे संबंधच नाही. मग आम्ही ब्रॅकेटखालचा रंग पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, आणि ब्रॅकेटपासून दरवाजाला आणि दरवाजापासून कॅबला अशा विणलेल्या तांब्याच्या चपट्या पट्ट्या लावल्या, बोल्टखाली दातेरी वॉशर घालून. साधी बारीक वायर लावू नका, या कामाला रुंद पट्टीच लागते, आणि ती जितकी आखूड तितकी चांगली.

शॉर्ट कुठे होता तर वॉशरमधे. ब्रॅकेटच्या भोकात जो स्टड, म्हणजे अँटेना ज्यावर चढते तो बोल्ट, बसतो त्याच्याभोवती नायलॉनचं एक कॉलरवालं वॉशर असतं, पांढरं किंवा काळं, नखाएवढं. अँटेनाचा जिवंत भाग आणि ब्रॅकेट यांना वेगळं ठेवणं एवढंच त्याचं काम. दुकानातल्या पोराने ते उलटं घालून पाना मारून मारून चेपलं होतं, त्यामुळे स्टड सरळ ब्रॅकेटला टेकलेला. म्हणजे रेडिओची सगळी ताकद अँटेनात न चढता तिथेच खाली उतरत होती. इतक्याशा प्लास्टिकच्या चकतीपायी मी अख्ख्या वायोमिंगवर रागावून बसलो होतो. मल्टिमीटरने हेही कळतं, अँटेना काढून केबलच्या प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात संबंध दाखवला की समजायचं शॉर्ट आहे. अँटेना लावलेली असताना मात्र हे बघू नका, काही अँटेनांच्या बुडाशी असलेल्या कॉइलमुळे तसाही शॉर्ट दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो.

अँटेना कुठे लावायची याचं उत्तर सोपं आहे, निदान वरचा अर्धा भाग तरी कॅबच्या छताच्या वर दिसला पाहिजे. पूर्ण नऊ फुटाची काठी आरशावर लावली तर ती सोळा फुटांवर जाईल, आणि इथे बहुतेक राज्यांत गाडीच्या उंचीची मर्यादा साडेतेरा फूट, पूल तुमची अँटेना घेऊन जाईल. म्हणून फायबरच्या तीन-चार फुटी काठीवर तांब्याची तार गुंडाळून लांबी भरून काढतात. ज्यात तार वरच्या टोकाला जास्त गुंडाळलीय ती ट्रकला बरी, कारण कामाचा भाग छताच्या वर येतो. एकच लावणार असाल तर ड्रायव्हरच्या बाजूला लावा, उजवीकडच्या झाडांच्या फांद्या मार देतात. खाली स्प्रिंग लावणार असाल तर आधी लावा, मग ट्यून करा. स्प्रिंगची लांबी पण अँटेनातच मोजली जाते, हे न कळल्यामुळे मी एकदा सगळं काम दोनदा केलंय.

आता ट्यूनिंग, ज्याला लोक उगाच घाबरतात. मोकळ्या जागेत जा. पेट्रोल पंपाच्या लोखंडी छपराखाली नको, दुसऱ्या ट्रकच्या शेजारी नको. दरवाजे बंद, आणि मित्राला अँटेनाजवळ उभं करू नका, माणसाच्या अंगाने पण काटा हलतो. ट्रेलर जोडून फिरणार असाल तर ट्रेलर जोडूनच करा, मागच्या त्या उंच पत्र्याच्या भिंतीने फरक पडतो. चॅनलवर कोणी बोलत नाहीये ना ते आधी ऐका, आणि ९ नंबर तर सोडूनच द्या, तो अडचणीत सापडलेल्यांसाठी ठेवलेला आहे.

१ नंबर चॅनल लावा. मीटर फॉरवर्डवर, माईक दाबा, बोलू नका, गोल बटण फिरवून काटा शेवटच्या रेघेवर आणा, मग स्विच रिफ्लेक्टेडवर टाका आणि आकडा लिहून घ्या. पाचेक सेकंदांत उरका, जास्त वेळ माईक दाबून ठेवू नका. असंच २० वर आणि ४० वर, आणि प्रत्येक वेळी काटा नव्याने रेघेवर आणायचा, हे विसरतात लोक. १ नंबर म्हणजे २६.९६५ मेगाहर्ट्झ, ४० नंबर म्हणजे २७.४०५. जसजसं वर जाल तसतशी लहर आखूड होत जाते. म्हणून ४० वर आकडा १ नंबर चॅनलवरच्यापेक्षा जास्त आला तर तुमची अँटेना लांब आहे, थोडी कमी करा. उलट १ वर जास्त आला तर आखूड आहे, वाढवा. मला सुरुवातीला हे सारखं उलटं व्हायचं, मग मी लक्षात ठेवलं, वर जास्त तर वरून कमी कर. वर म्हणजे वरचं चॅनल. एवढं पाठ झालं की बाकी सगळं काटा सांगतो. दोन्ही टोकांचे आकडे सारखे येऊन मधे २० वर सगळ्यात कमी दिसला की अँटेना बसली.

कमी-जास्त कसं करायचं ते अँटेनावर आहे. काहींना टोकाला फिरवायचा स्क्रू असतो, तो वरखाली करायचा आणि नट आवळायचा, या सगळ्यात सोप्या. स्टीलच्या काठीवाल्या असतात त्यात बुडाशी बारीक स्क्रू सैल करून काठी आतबाहेर सरकवायची. आणि काहींत वरची टोपी काढून तारच कापावी लागते. तिथे मी हात जोडून सांगतो, कापण्याआधी तीनदा मोजा, आणि कापाल तर तीन-चार मिलीमीटरच, परत मोजा, परत एवढंसं. मी म्हाताऱ्याचा निरोप घेतल्यावर दुसरी अँटेना स्वतः लावली, ४० वर अडीच येत होता, वैतागून पक्कड घेतली आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा एकदम उडवला. काटा ४० वर दीडवर आला, मी खूश. मग १ वर बघितलं तर तीन! कापलेलं काही परत जोडता येत नाही, नवीन अँटेना घ्यावी लागली. तो तुकडा मी अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय.

दोन्ही आरशांवर दोन अँटेना दिसतात ना, त्या काही नुसत्या शोभेला नसतात. ट्रेलरमुळे एका बाजूच्या अँटेनाची दुसरी बाजू झाकली जाते, दोन असल्या की ती भरून निघते, आणि पुढेमागे आवाज थोडा बरा जातो. थोडाच, कारण दोन्हीत नऊ फूट अंतर हवं आणि ट्रकची रुंदीच साडेआठ. पण दोन अँटेनांची केबल वेगळी असते बरं का. एकीला ५० ओहमची साधी केबल, दोघींना ७५ ओहमच्या दोन तारांची जोडी, जी मागे एकत्र येऊन रेडिओत जाते. दोन्ही अँटेना सारख्या, सारख्या उंचीवर, आणि ट्यून करताना दोघींना सारखाच बदल. यातली एक फांदीने तोडली तर लोक म्हणतात जाऊ दे, एकीवर चालवू. नाही चालत. जोडकेबल एकीवर चालवली की सगळं गणितच बिघडतं. एकीवर चालवायचं असेल तर केबल बदला.

केबलबद्दल फार नाही, दरवाजात चेपू देऊ नका, बिजागरीच्या बाजूने आत घ्या, आत येण्याआधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आणि बाहेरच्या जोडाला रबरी टेप गुंडाळा. एकदा पाणी शिरलेली केबल वाळवून नीट होत नाही, फेकून द्यायची.

आता राहिलं ते रेडिओ मेला या वाक्याचं. गर्दी ओसरली हे मान्य. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वेगमर्यादा ताशी ५५ मैल झाली तेव्हा डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभाय हे सांगायला सगळं हायवे या रेडिओवर होतं, इतकं की फर्स्ट लेडी बेटी फोर्ड सुद्धा ‘फर्स्ट ममा’ या नावाने सीबीवर बोलायच्या. चॅनल २३ होते ते १९७७ मधे ४० करावे लागले. ते दिवस गेले. पण २०१२ पासून इथे ट्रक चालवताना फोन हातात धरला तर ड्रायव्हरला मोठा दंड होऊ शकतो (नियम आला तेव्हा तो २,७५० डॉलरपर्यंत होता), आणि त्याच केंद्राच्या नियमात फोनच्या व्याख्येतून सीबीला स्पष्ट वगळलंय. २०२१ मधे तर सीबीवर एफएमलाही परवानगी मिळाली, मेलेल्या वस्तूसाठी कोण नवीन नियम करतं? आणि फोनवरचा नकाशा सांगतो की पुढे चाळीस मिनिटं खोळंबा आहे, पण कुठल्या लेनमधे टायरची सालपटं पडलीयत, वजनकाटा उघडा आहे का बंद, वाऱ्याने ट्रेलर हलतोय का, हे समोरून येणारा माणूसच सांगतो. तो सांगतोय आणि तुम्हाला दोन प्रश्न विचारता येत नाहीत, हे किती चिडचिडीचं असतं ते मी वर लिहिलंच आहे.

तेव्हा जमल्यास पुढच्या रविवारी जास्त वॅटचं ते वाक्य तेवढं दुरुस्त करा. बाकी लेख तसाच असू द्या, पार्किंगचं तर अगदी मनातलं लिहिलंय.

आपला,
एक ट्रकवाला वाचक
(नाव छापू नका. आमच्या डिस्पॅचरला मराठी येत नाही, पण त्याला कोणी वाचून दाखवलं तर तो विचारेल इतकं लिहायला वेळ कुठून मिळाला.)

ता. क. लेखासोबत जो निळ्या ट्रकचा फोटो छापलाय तो मोठा करून बघितला. डाव्या आरशावर अँटेना आहे, उजव्या आरशावर नुसतं ब्रॅकेट आणि त्यात मोडलेला स्टड. तुमच्या वार्ताहराकडे त्या ड्रायव्हरचा नंबर असेल तर त्याला कळवा, तो ज्यांच्याशी बोलतोय त्यातल्या निम्म्यांना तो ऐकू येत नसणार.